छोटी बोट का उलटते? प्रवाशांचे वजन आणि बोटीचा तोल

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात डोंगरांनी वेढलेले लेक जॉर्ज नावाचे लांबट सरोवर आहे. २ ऑक्टोबर २००५ रोजी दुपारी तीनच्या सुमारास त्यात 'ईथन ॲलन' ही पर्यटकांची बोट उलटली आणि २० जणांचा मृत्यू झाला. हवा स्वच्छ होती, ऊन पडले होते, पाणी शांत होते. बोटीला कशाची धडक बसली नव्हती की तिच्या तळाला भोक पडले नव्हते. परवान्यानुसार तिला ४८ प्रवासी आणि २ कर्मचारी नेण्याची मुभा होती आणि त्या दिवशी चालकासह ४८ जणच बसले होते, म्हणजे कागदावर पाहिले तर दोन माणसे कमीच होती. तरीही एका बाजूने आलेली लाट, सुकाणूचे एक तीव्र वळण आणि बाकांवरून नकळत एकाच बाजूला घसरलेले प्रवासी एवढ्यावर काही क्षणांत बोट पालथी झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी करून स्थैर्याचा हिशेब नव्याने मांडला, तेव्हा निघालेला आकडा थक्क करणारा होता. त्या बोटीला फक्त १४ माणसे नेण्याची परवानगी असायला हवी होती.

परवान्यावर पन्नास आणि हिशेबात चौदा, एवढी तफावत पडली कशी, हे समजून घ्यायचे तर आधी एक गोष्ट वेगळी काढावी लागते. बोट बुडणे आणि बोट उलटणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत. जास्त माणसे भरली की बोट बुडेल, असे आपण सहज म्हणतो. पण बोट आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारून तरंगत असते आणि आणखी माणसे चढली की थोडी आणखी खाली बसून तेवढे जास्तीचे पाणी बाजूला सारते. केवळ वजनाने बोट पाण्याखाली जायला फार मोठी गर्दी लागते. ती त्याच्या कितीतरी आधी उलटू शकते, कारण उलटण्याचा संबंध वजन किती आहे याच्याइतकाच ते कुठे आहे याच्याशी असतो.

बोटीचा सांगाडा, इंजिन, छत आणि माणसे या सर्वांचे वजन मिळून एका बिंदूतून खाली खेचते असे मानता येते. तो गुरुत्वमध्य. पाण्याचा वर उचलणारा जोरही असाच एका बिंदूतून लागतो आणि तो बिंदू बोटीचा जो भाग पाण्याखाली आहे त्याच्या मध्याशी असतो. बोट सरळ असताना हे दोन्ही बिंदू एकाच उभ्या रेषेत असतात. समजा बोट डावीकडे कलली. आता डावीकडचा जास्त भाग पाण्यात शिरतो, उजवीकडचा थोडा बाहेर येतो आणि पाण्याच्या जोराचा बिंदू डावीकडे सरकतो. माणसे जागची हलली नसतील तर बोटीच्या सांगाड्यातली गुरुत्वमध्याची जागा बदलत नाही. डावीकडे वर ढकलणारा जोर आणि त्याच्या उजवीकडे खाली खेचणारे वजन अशी जोडी तयार होते आणि ती बोटीला पुन्हा सरळ करते. पाण्याच्या जोराची ही सरकलेली उभी रेषा वर वाढवत नेली तर ती बोटीच्या मधल्या रेषेला एका ठिकाणी छेदते. त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या खाली आहे तोवर कललेली बोट सरळ होऊ पाहते. तो वर गेला की तेच दोन जोर बोटीला आणखी कलवतात. गुरुत्वमध्यापासून मेटासेंटरपर्यंतचे अंतर, म्हणजेच मेटासेंटरची उंची, हे बोटीच्या तोलाचे मुख्य माप आहे.

हे अंतर मुख्यतः बोटीच्या रुंदीमुळे मिळते आणि त्यात रुंदीचा वाटा घनाच्या प्रमाणात असतो. इतर सर्व तेच ठेवून पाण्याला टेकणारी रुंदी दुप्पट केली, तर पाण्याच्या पृष्ठभागाचा कलण्याला होणारा विरोध आठपट होतो. मालवणकडच्या उलांडीच्या होडीमागचे तत्त्व हेच आहे. होडी स्वतः अरुंद असते, पण दांड्यांच्या टोकाशी बांधलेली उलांडी पाण्यात बाजूला टेकलेली असल्यामुळे ती रुंद बोटीसारखी वागते. याचीच दुसरी बाजू अशी की रुंदी तीच ठेवून वजन वाढवत गेले की तेवढ्याच रुंदीला जास्त ओझे सावरावे लागते आणि मेटासेंटर खाली उतरतो. जादा माणूस चढला की बोटीचा तोल असा दोन्हीकडून घटतो. गुरुत्वमध्य वर सरकतो आणि मेटासेंटर खाली येतो.

एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेली बोट घेऊ. लांबी ७ मीटर, रुंदी २ मीटर, रिकाम्या बोटीचे इंजिनासह वजन १,५०० किलो, आत ७० किलोची १० माणसे. एकूण वजन २,२०० किलो झाले. मेटासेंटरची उंची ६० सेंटीमीटर आहे आणि बोटीचा काठ पाण्यापासून ४० सेंटीमीटर वर आहे असे धरू. कोणीतरी "ते बघा डॉल्फिन" म्हणून ओरडले आणि दहाही जण सरासरी ७० सेंटीमीटर एका बाजूला सरकले, तर बोट सुमारे २० अंश कलेल. काठ पाण्याला टेकायला सुमारे २२ अंश लागतात, म्हणजे घाबरगुंडी उडेल, एखादी लाट आत येईल, पण बोट बहुधा वाचेल.

आता त्याच बोटीत १० ऐवजी १६ माणसे बसवू. वजन ४२० किलोने वाढले. बोट किती खाली बसली? जेमतेम ४ सेंटीमीटर. धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला हा फरक दिसणारही नाही आणि नेमकी इथेच फसगत होते, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या या बदलाबरोबर मेटासेंटरची उंची ६० वरून ४० सेंटीमीटरच्या आसपास आलेली असते. डॉल्फिन पुन्हा दिसला, सोळाही जण तेवढेच सरकले. आधीच्याच हिशेबाने काढला तर कल ३५ अंशांच्याही वर जातो, आणि काठ पाण्यात जायला आता सुमारे २० अंश पुरेसे आहेत. एवढ्या मोठ्या कोनाला हा साधा हिशेब काटेकोरपणे लागू पडत नाही, पण त्याची गरजही उरत नाही, कारण काठ बुडाला की पाणी आत येऊ लागते आणि पुढचे सगळे हिशेब निरुपयोगी होतात. माणसे दीडपटीहून थोडीच जास्त झाली, पण धोका दीडपट झाला नाही. घाबरवणारा प्रसंग जीवघेणा झाला.

उंचीचा परिणाम तर याहूनही जोरकस असतो. बसलेला माणूस उभा राहिला की त्याचा गुरुत्वमध्य साधारण फूटभर वर जातो. आपल्या बोटीतली दहाही माणसे फोटोसाठी उभी राहिली तर साठातले सुमारे १० सेंटीमीटर तिथेच जातात. त्यांच्यापैकी सहा जण छतावर चढले आणि प्रत्येक जण १.८ मीटर उंच गेला, तर ३४ सेंटीमीटर जातात, म्हणजे निम्म्याहून अधिक तोल गेला आणि तोही एकही माणूस न वाढवता. केरळमध्ये थेक्कडीच्या जलाशयात ३० सप्टेंबर २००९ रोजी उलटलेली 'जलकन्यका' ही दुमजली बोट होती. काठावरची जनावरे पाहायला प्रवासी एका बाजूला धावले, बोट कलली आणि ४५ जण दगावले. त्याच राज्यात तानूर येथे ७ मे २०२३ रोजी २२ जणांचा बळी घेणारी बोटही दुमजलीच होती. मासेमारीच्या बोटीवर फेरफार करून ती पर्यटनासाठी वापरली जात होती आणि तिच्यात परवानगीपेक्षा जास्त माणसे होती. मासेमारीच्या बोटीत जड माल तळाशी राहतो, तर पर्यटकांच्या बोटीत वजन वर असते, शिवाय ते चालते-बोलते असते. बाहेरून सांगाडा तोच दिसला तरी तोलाच्या दृष्टीने ती दुसरीच बोट झालेली असते.

'ईथन ॲलन'च्या बाबतीतही फेरफार झालाच होता. तिला आधी कापडी छत होते, त्याच्या जागी पुढे लाकडी छत बसवले गेले. वजन डोक्यावर चढले, पण स्थैर्याची चाचणी नव्याने झाली नाही, कारण अशा बदलानंतर ती करावीच असा स्पष्ट नियम नव्हता. चौकशी मंडळाने ही त्रुटी अपघाताला हातभार लावणारी म्हणून नोंदवली. लांबच लांब बाक हा आणखी एक भाग. बोट कलल्यावर माणसाला आपल्या जागी अडवून ठेवेल असे काही नसले की सगळे एकदम खालच्या बाजूला घसरतात, त्यांच्या वजनाने कल वाढतो आणि वाढलेल्या कलाने ते आणखी घसरतात. सरकलेले वजन स्वतःच स्वतःला पुढे ढकलू लागते.

उरला माणसांच्या वजनाचा प्रश्न. क्षमता ठरवताना कोणी प्रत्येक प्रवाशाला काट्यावर उभे करत नाही, एक सरासरी वजन गृहीत धरले जाते. सुरक्षित पाण्यात, बायका-पुरुष-मुले असा मिश्र गट घेऊन जाणाऱ्या बोटींसाठी अमेरिकेत हा आकडा १४० पौंड, म्हणजे सुमारे ६३.५ किलो होता. तो कित्येक दशके तसाच राहिला आणि दरम्यान माणसे जाड झाली. 'ईथन ॲलन'मधील प्रवाशांचे सरासरी वजन १७८ पौंडांच्या आसपास भरले. त्याच्या दीड वर्ष आधी, ६ मार्च २००४ रोजी, बाल्टिमोर बंदरात 'लेडी डी' ही दोन लांबट तरंगकांवर उभारलेली जलटॅक्सी वादळी वाऱ्याच्या झोतात उलटून पाच जण मरण पावले होते. तिच्यावर परवान्याइतकीच, म्हणजे २५ माणसे होती, पण त्यांचे सरासरी वजन सुमारे १६८ पौंड होते. माणशी २८ पौंड म्हणजे फार नव्हे, भरलेल्या प्रवासी बॅगेएवढे. पण २५ जणांचे मिळून ७०० पौंड झाले, जणू पाच माणसे तिकीट न काढता बसली होती. त्यातही क्षमतेचा मूळ आकडा दुसऱ्याच एका बोटीच्या चाचणीवरून दिलेला होता. दोन्ही बोटी सारख्याच आहेत असे मानले गेले होते, प्रत्यक्षात त्यांचे तरंगक वेगळे होते.

या दोन अपघातांनंतर अमेरिकी तटरक्षक दलाने राष्ट्रीय आरोग्य पाहणीतील वजने घेतली, त्यांत कपड्यांचे साडेसात पौंड मिळवले आणि नवे गृहीत वजन १८५ पौंड, म्हणजे ८४ किलो ठरवले. डिसेंबर २०११ पासून ते बंधनकारक झाले. गंमत म्हणून हिशेब करून पाहावा. जी बोट जुन्या आकड्याने ४८ माणसे नेत होती, ती नव्या आकड्याने फक्त ३६ नेऊ शकते, आणि यात छत, बाक, लाटा कशाचाच विचार केलेला नाही. युरोपात वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकांत करमणुकीच्या बोटींसाठी मोठ्या माणसाचे ७५ किलो धरतात.

आपल्याकडे काय धरावे? आपल्याला रोज दिसणारा एक आकडा लिफ्टमध्ये असतो. '८ व्यक्ती, ५४४ किलो', म्हणजे माणशी ६८ किलो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये पोषणाच्या हिशेबासाठीचे संदर्भ वजन पुरुषांसाठी ६० वरून ६५ किलो केले, तेव्हा आपलेही वजन वाढते आहे हे अधिकृतच म्हणायचे. पण लिफ्ट आणि बोट यांत एक फरक आहे. लिफ्टला वजन जास्त झाले की ती घंटा वाजवून जागीच थांबते. बोट निमूटपणे निघते आणि तिची परीक्षा पाण्याच्या मध्यावर होते. शिवाय सहलीला निघालेल्या माणसाच्या खांद्यावर बॅग, हातात पाण्याच्या बाटल्या, जेवणाचे डबे असतात. २० जणांच्या बोटीत माणशी १२ किलोचा अंदाज चुकला तरी २४० किलो, म्हणजे साडेतीन माणसे कोणाला न दिसता वाढतात. मुलांना 'अर्धे' मोजण्याची आपली सवय वजनापुरती फारशी चुकीची नाही, पण मुले जागेवर बसत नाहीत. हलणारे ३० किलो हे बसून राहिलेल्या ६० किलोंपेक्षा बोटीला अधिक त्रास देऊ शकतात.

क्षमतेचा आकडा प्रामाणिकपणे ठरवायचा असेल तर त्यामागे चाचणी हवी. अमेरिकेत छोट्या प्रवासी बोटींसाठी वापरली जाणारी साधी चाचणी समजायला सोपी आहे. बोट शांत पाण्यात धक्क्याला सैल बांधतात, प्रवाशांच्या ऐवजी वाळूची पोती किंवा पाण्याची पिंपे ठेवतात, तीसुद्धा माणसाचे वजन ज्या उंचीवर असेल त्या उंचीवर, आणि मग ठरलेल्या हिशेबाने ती एका बाजूला सरकवून काठ किती खाली गेला ते मोजतात. सपाट डेकच्या बोटीत काठाची पाण्यावरची उंची निम्म्यापेक्षा जास्त घटता कामा नये आणि कल १४ अंशांपलीकडे जाता कामा नये. माणसे एका बाजूला जाणारच, हे या चाचणीत आधीच गृहीत धरलेले असते, ही मला तिच्यातली सर्वांत शहाणपणाची बाब वाटते. 'प्रवाशांनी जागेवर बसावे' ही पाटी लावून कोणत्याही बोटीचा तोल वाढत नाही.

भारतात १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला असून त्यात नोंदणी, तपासणी आणि सुरक्षेच्या तरतुदी आहेत. महाराष्ट्रात किनारा आणि खाड्यांतील प्रवासी वाहतुकीवर महाराष्ट्र सागरी मंडळाची देखरेख असते. तरीही १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या, आणि तिथेही चर्चा पुन्हा क्षमतेपेक्षा जास्त माणसे आणि अपुऱ्या जीवरक्षक जॅकेटांचीच झाली. तलावातली बोट म्हणजे समुद्रातल्या बोटीहून सुरक्षित, हा समज अशा वेळी घातक ठरतो. समुद्रासारख्या लाटा नसतात म्हणून तलावात तोलाचे नियम सैल होत नाहीत.

बोटीत साचलेले पाणी ही कमी लेखली जाणारी बाब आहे. तळाशी घोटाभर पाणी असले तर वजन खालीच आहे, म्हणजे उलट बरे, असे वाटू शकते. पण ते पाणी मोकळे असते आणि बोट कलली की सर्वांत आधी तेच खालच्या बाजूला धावते. आपल्या उदाहरणातल्या बोटीत ४ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद जागेत असे पाणी पसरले असेल तर त्याच्या या धावण्यानेच साठातले सुमारे ४० सेंटीमीटर गिळले जातात. मध्ये आडव्या-उभ्या फळ्या असल्या तर पाणी अडते आणि हे नुकसान पुष्कळ कमी होते. निघण्यापूर्वी डबड्याने पाणी उपसणारा तांडेल, म्हणजे बोटीचा चालक, आपला वेळ खात नसतो.

वाऱ्याचेही तसेच. बंद पडदे लावलेले छत हे वाऱ्यापुरते शीडच असते, फक्त ते उतरवता येत नाही. उजनीच्या जलाशयात २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. उन्हाळ्याच्या अखेरीस दुपारनंतर आभाळ भरून येताना मोठ्या जलाशयात जाऊ नये, हे काठावरच्या लोकांना सांगावे लागत नाही, पर्यटकांना सांगावे लागते.

बोटीत चढणाऱ्याला स्थैर्याचा हिशेब करता येणार नाही, पण काही गोष्टी नुसत्या नजरेने कळतात. धक्क्यावरून पाहताना बोट एका बाजूला झुकलेली आहे का, काठ पाण्याच्या किती जवळ आहे, मूळ बोटीवर नंतर मजला किंवा जड छत चढवल्यासारखे दिसते आहे का, तळाशी पाणी आहे का. क्षमतेच्या पाटीवर माणसांबरोबर किलोही लिहिलेले असतील तर किलोंकडे आधी पाहावे. चढताना काठावर पाय न देता शक्य तितका मध्यावर द्यावा, जड बॅगा छतावर न टाकता तळाशी ठेवाव्यात. वेण्णा लेकसारख्या ठिकाणी वल्ह्याच्या किंवा पायडलच्या छोट्या बोटीत मध्येच उठून जागा बदलण्याचा मोह होतो. तिथे बोटीच्या एकूण वजनात माणसांचाच वाटा सर्वांत मोठा असल्यामुळे दोघांनी एकदम उठणे हे मोठ्या बोटीत सगळ्यांनी एकदम उठण्यासारखे असते. डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीत सगळ्यांना दिसावे म्हणून बोट वळवायची असते, माणसे नाहीत, आणि समजूतदार तांडेल तसेच करतो.

बोट अचानक कलली तर उठून उंच बाजूकडे धावण्याची उबळ येते. सगळे एकदम धावले तर बोट सरळ होऊन तिथे थांबत नाही. सगळे वजन आता त्या बाजूला गेल्यामुळे ती दुसरीकडे झोकांडा खाते आणि हा दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा असू शकतो. त्याऐवजी जागीच खाली बसावे, शक्य असेल तर थेट तळाच्या फळ्यांवर, म्हणजे गुरुत्वमध्य खाली येतो, आणि मग तांडेल सांगेल तसे एकेकाने सरकावे. जीवरक्षक जॅकेट बोटीचा तोल सांभाळत नाही, ते बोट गेल्यानंतरचे साधन आहे आणि म्हणूनच ते धक्क्यावरच अंगात घालून पट्टे आवळलेले हवे. मात्र बंद केबिनमध्ये जॅकेट घालून बसलेल्या माणसाला, बोट पालथी झाल्यावर, तेच जॅकेट वर झालेल्या तळाशी दाबून धरते आणि दाराकडे बुडी मारून जाऊ देत नाही. पर्याय असेल तेव्हा चारी बाजूंनी उघड्या भागात, पण मधल्या रेषेजवळ, जागा घ्यावी.